पोर्ट एलन, १९७९, ३२ वर्षे मुरलेली: एवढी जुनी सिंगल माल्ट चाखावी कशी?

आडवाट

नमस्कार मंडळी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयला बेटावरील पोर्ट एलन या भट्टीत १९७९ साली गाळलेली आणि ३२ वर्षे ओकच्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत केवळ मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की, चाखण्याचा योग पुढच्या आठवड्यात जुळून येत आहे. एडिंबरामधील आम्ही काही मराठी मित्रांनी वर्गणी काढून एका संग्राहकाकडून तिची लहानशी कुपी घेतली आहे. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २० मिलिलिटर, म्हणजे आपल्याकडच्या लहान पेगपेक्षाही कमी, एवढीच येणार आहे. त्यामुळे प्रत्येक थेंब नीट कळावा, अशी मनापासून इच्छा आहे.

ज्यांना या भट्टीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोर्ट एलनची स्थापना १८२५ मधली. विसाव्या शतकात जवळजवळ चार दशके ती बंद होती, १९६७ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुन्हा बंद पडली. गोदामात जी पिंपे मागे राहिली, त्यांतील मद्य २००१ पासून २०१७ पर्यंत दर वर्षी थोडे थोडे बाटलीबंद होऊन बाजारात येत गेले आणि पाहता पाहता या बंद भट्टीचे नाव जगभरातल्या दर्दी लोकांच्या तोंडी झाले.

माझे प्रश्न असे आहेत. ही व्हिस्की पाणी न घालता घ्यावी की थोडे पाणी घालून? तिच्या आधी दुसरी एखादी व्हिस्की घ्यावी का? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा की, ३२ वर्षांत त्या मद्याला नेमके काय मिळते, आणि आपल्याला जे ‘अप्रतिम’ वाटते त्यात वयाचा वाटा किती आणि दुर्मिळतेचा व किमतीचा वाटा किती? जितकी जुनी तितकी उत्तम, हे समीकरण मला स्वतःला मान्य नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

सातपुडा

हेवा वाटला! एकच विनंती करतो. त्या संध्याकाळी मसालेदार चकणा अजिबात ठेवू नका. जेवणही आधी नको. जिभेवर तिखट, लसूण किंवा कॉफी रेंगाळत असेल तर एवढी नाजूक चव कळणारच नाही. अत्तर लावूनही कोणी येऊ नये. आयलाची जुनी व्हिस्की निम्म्याहून अधिक नाकानेच प्यायची असते.

ओकवेडा

आडवाट, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतील.

पिंपात मद्याच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. पहिली म्हणजे लाकूड मद्याला काही देते. ओकमधील लिग्निन विघटित होऊन व्हॅनिलिन तयार होते, लॅक्टोनमुळे खोबऱ्याच्या जवळ जाणारा गोडसर गंध येतो आणि टॅनिनमुळे तुरटपणा व पकड येते. दुसरी म्हणजे लाकूड मद्यातून काही काढून घेते. पिंपाच्या आतल्या बाजूचा जळलेला कोळशाचा थर नव्या मद्यातील गंधकयुक्त उग्र संयुगे शोषून घेतो. तिसरी गोष्ट फार सावकाश चालते. लाकडातून आत येणाऱ्या प्राणवायूमुळे मद्यार्क आणि आम्ले यांच्यात बदल होत होत एस्टर तयार होतात, आणि पिकलेल्या फळांचे, मेणाचे, जुन्या चामड्याचे जे गंध केवळ वयस्कर व्हिस्कीत सापडतात ते या मंद प्रक्रियेची देणगी असते.

आता अडचण अशी, की पिंप ताजे आणि जोमदार असेल तर पहिली क्रिया इतक्या वेगाने होते, की तिसरीला वेळ मिळण्यापूर्वीच मद्य लाकडाखाली दबून जाते. पंधरा-वीस वर्षांतच ते तुरट आणि कडवट होऊ लागते, आणि मग ते कोणत्या भट्टीचे होते हेही सांगता येत नाही. म्हणूनच तीस-चाळीस वर्षे टिकाव धरायचा तर पिंप थोडे थकलेले असावे लागते, म्हणजे ज्यात आधी एक-दोनदा व्हिस्की मुरवून काढलेली आहे असे, ज्याला ‘रीफिल’ म्हणतात.

पोर्ट एलनचे भाग्य नेमके येथे आहे. त्या काळी या भट्टीच्या मद्याचा उपयोग प्रामुख्याने ब्लेंडेड, म्हणजे अनेक भट्ट्यांची मद्ये मिसळून केलेल्या, व्हिस्कीत धुराची छटा आणण्यासाठी होत असे. ही व्हिस्की कधी स्वतंत्रपणे, तिच्या स्वतःच्या नावाने, तीस वर्षांनी विकली जाईल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यामुळे तिच्यासाठी महागडी नवी पिंपे कोणी वापरली नाहीत. जुनी, वापरलेली, बहुतांशी २५० लिटरची ‘हॉग्जहेड’ पिंपे भरली गेली आणि गोदामात पडून राहिली. कोणी मुद्दाम न योजलेल्या या साधेपणामुळे त्या मद्याचा मूळ स्वभाव, म्हणजे धूर, मीठ आणि लिंबाच्या सालीसारखा तजेला, तीन दशकांनंतरही शाबूत राहिला.

तेव्हा माझे मत असे, की तुम्ही चाखताना ‘वय किती जाणवते’ हे शोधू नका. एवढ्या वर्षांनंतरही भट्टी जाणवते का, हे शोधा. दीर्घकाळ मुरलेल्या व्हिस्कीची खरी कसोटी हीच आहे.

मिताक्षरी

ओकवेडा, फार सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

रानजाई

ओकवेडा यांच्या रासायनिक विवेचनाशी सहमत आहे, निष्कर्षाशी मात्र पूर्णपणे नाही.

शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरलेल्या जुन्या व्हिस्कीला या कसोटीने न्याय मिळत नाही. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील ग्लेनफार्क्लास ही भट्टी १८६५ पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे आणि शेरीची पिंपे हीच तिची ओळख आहे. तेथील चाळीस वर्षे मुरलेली व्हिस्की मी आदराने आणि सावकाश चाखली आहे. तिचा रंग गडद तांबूस, गंधात मनुका, अक्रोड, जुने लाकडी कपाट उघडल्यावर येतो तसा उबदार वास, आणि शेवटी जो तुरटपणा येतो तो मला दोष वाटलाच नाही. तिच्यात लाकूड ठळकपणे होते, आणि तरीही ती डौलदार होती. त्या भट्टीचे कच्चे मद्यच मुळात इतके भरदार असते, की ते पिंपाशी बरोबरीच्या नात्याने उभे राहते. लाकडाचे प्रमाण अधिक झाले म्हणजे व्हिस्की बिघडली, असा सरसकट नियम करणे मला पटत नाही. प्रश्न लाकूड किती हा नसून मद्यात ते पेलण्याची ताकद किती, हा आहे.

पोर्ट एलनच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे योग्य आहे, असे मी मानते.

ओकवेडा

रानजाईताई, ‘पेलण्याची ताकद’ हा मुद्दा अगदी मान्य. माझ्या विधानाला तेवढी पुरवणी जोडून घेतो.

दर्यावर्दी

आयलावर जाऊन आलो आहे, म्हणून थोडे लिहितो. पोर्ट एलन हे गाव बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, बोटीच्या धक्क्याजवळच आहे. फेरी बोटीतून येताना किनाऱ्यावरची पांढरी गोदामे आणि त्यांवर रंगवलेले भट्टीचे नाव दिसते. १९८३ मध्ये भट्टी बंद झाली तरी तिच्या शेजारी १९७३ मध्ये उभारलेला माल्टिंगचा मोठा कारखाना चालूच राहिला. तेथे सातूला मोड आणून, पीटच्या धुरावर सुकवून बेटावरील इतर भट्ट्यांना पुरवले जाते. मी गेलो त्या दिवशी वारा गावाकडे होता आणि रस्त्याने चालताना त्या धुराचा वास कपड्यांना लागत होता.

हा धूर आपल्याकडच्या लाकडाच्या धुरासारखा नसतो. आयलावर झाडे फारच कमी आहेत. तिथला पीट शेवाळ, गवत आणि हेदर या झुडपांच्या हजारो वर्षे साचून कुजलेल्या थरांचा बनलेला असतो. म्हणून त्यात जळक्या लाकडापेक्षा आयोडीन, टिंक्चर, ओला दोर, समुद्री शेवाळ अशा छटा अधिक येतात. प्रथमच घेणाऱ्याला दवाखान्याची आठवण होते. पण मुरता मुरता हा धूर मऊ होत जातो. बारा वर्षांच्या आयला व्हिस्कीत जो समोरून अंगावर येतो, तोच तिसाव्या वर्षी मागच्या खोलीत जाऊन बसतो. आडवाट, पहिल्या हुंगण्यात धूर सापडला नाही तर गोंधळून जाऊ नका, थोडे थांबा.

मिताक्षरी

माझा एक मूलभूत प्रश्न आहे. आपल्याकडेही आता उत्तम सिंगल माल्ट तयार होते. मग तीस वर्षांची गोव्याची किंवा बंगळुरूची व्हिस्की कधी ऐकू का येत नाही? कोणी तेवढे थांबायला तयार नाही, की त्यामागे काही शास्त्रीय कारण आहे?

मांडवीकाठ

मिताक्षरी, कारण शास्त्रीयच आहे आणि गोव्यात राहत असल्याने त्याविषयी मला विशेष आस्था आहे.

पिंपातून दर वर्षी काही मद्य उडून जाते. स्कॉटलंडमध्ये याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात आणि तेथे तो वर्षाला सुमारे दोन टक्के धरला जातो. त्या हिशेबाने २५० लिटरच्या पिंपात ३२ वर्षांनंतर जेमतेम १३० लिटर शिल्लक राहील. आपल्या हवामानात हाच वाटा दर वर्षी आठ ते बारा टक्क्यांपर्यंत जातो. दहा टक्के धरले तर दहा वर्षांतच पिंपाचा दोन-तृतीयांश भाग रिकामा होईल, आणि ३२ वर्षे थांबणाऱ्याला तीन-चार टक्क्यांपलीकडे काही हाती लागणार नाही. उष्णतेमुळे लाकडाची क्रियाही तितकीच वेगाने होते. त्यामुळे कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची किंवा बंगळुरूच्या अमृतची पाच-सहा वर्षांची व्हिस्की रंगाने आणि भारदस्तपणाने स्कॉटलंडच्या बऱ्याच जुन्या व्हिस्कीच्या बरोबरीला येते. अमृतने आपल्या जास्त मुरलेल्या, आठ ते बारा वर्षांच्या, मोजक्या बाटल्यांना ‘ग्रीडी एंजल्स’ हे नाव दिले ते याच अनुभवातून.

आणखी एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात पाण्यापेक्षा मद्यार्क अधिक उडतो, म्हणून वर्षे जातील तसतसे मद्यार्काचे प्रमाण घटत जाते. भरताना साधारण ६३.५ टक्के असलेले मद्य तीस-चाळीस वर्षांत पन्नाशीपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. उष्ण आणि कोरड्या हवेत पाणीच अधिक उडत असल्याने प्रमाण उलट वाढूही शकते. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी किमान ४० टक्के मद्यार्क कायद्याने आवश्यक आहे. त्यामुळे अतिशय जुन्या पिंपांवर गोदामातील लोकांना बारीक लक्ष ठेवावे लागते. ४१ टक्क्यांवर आलेले पिंप आणखी पाच वर्षे ठेवण्याचा मोह महागात पडू शकतो, कारण ते चाळीसच्या खाली घसरले की ते स्कॉचच राहत नाही.

मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गोव्याची सहा वर्षे आणि आयलाची ३२ वर्षे यांना एकमेकांची बदली समजू नये. लाकडाकडून मिळणारे आपल्याकडे भरपूर आणि लवकर मिळते. ओकवेडा यांनी सांगितलेली ती तिसरी, मंद क्रिया मात्र घाईने करवून घेता येत नाही. दोन्हींचे सौंदर्य वेगवेगळे आहे आणि मला दोन्ही प्रिय आहेत.

मिताक्षरी

मांडवीकाठ, मनःपूर्वक धन्यवाद. हा घट-वाढीचा मुद्दा मला मुळीच ठाऊक नव्हता.

पेठकर

चर्चा सुंदर चालली आहे, पण आडवाट यांच्या मूळ प्रश्नातील किमतीच्या भागाकडे कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो.

दुर्मिळ व्हिस्कीच्या बाबतीत मन चवीच्या पुढे धावते, याचे बोलके उदाहरण २०१७ मध्ये घडले. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथील एका हॉटेलात एका पाहुण्याने मॅकॅलन या स्कॉच भट्टीची १८७८ ची व्हिस्की म्हणून एका लहान पेगसाठी सुमारे दहा हजार स्विस फ्रँक मोजले. नंतर तपासणीत निघाले, की ती बाटली बनावट होती. आतले मद्य बहुधा १९७० ते १९७२ च्या दरम्यान तयार झालेले असून ती सिंगल माल्टसुद्धा नव्हती, ६० टक्के माल्ट आणि ४० टक्के ग्रेन, म्हणजे इतर धान्यांपासूनची, व्हिस्की यांचे मिश्रण होते. हॉटेलने पैसे परत केले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडच्या प्रयोगशाळेत ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या गेल्या, त्यांपैकी २१ बनावट किंवा लेबलावरील वर्षात न गाळलेल्या निघाल्या.

ही तपासणी ज्या तत्त्वावर होते ते मला फार विलक्षण वाटते. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण एकदम वाढले आणि नंतर वर्षागणिक उतरत गेले. सातूचे रोप ज्या वर्षी वाढले त्या वर्षीच्या हवेची खूण धान्यात आणि तेथून मद्यात उतरते. म्हणजे लेबल काहीही म्हणो, मद्य स्वतःचे वर्ष स्वतःबरोबर बाळगून असते.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली, कुपी कोठून आली, मूळ बाटली कोणासमोर उघडली गेली, याची खात्री करून घ्यावी. दुसरी, चाखताना शेजारी त्याच बेटाची एखादी तरुण, धुरकट व्हिस्की ठेवावी, दोन्ही पेल्यांवर फक्त क्रमांक घालावेत आणि कोणत्या पेल्यात काय आहे हे पिणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नसावे. मतांची नोंद झाल्यावरच नावे उघड करावीत. किंमत किती बोलते आणि चव किती बोलते, हे कळण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला तरी माहीत नाही.

सातपुडा

पेठकर यांच्या दुसऱ्या सूचनेला +१.

रानजाई

मला मात्र ही सूचना अर्धीच पटते. असा योग आयुष्यात क्वचित येतो. समोर काय आहे हे जाणून, तिचा इतिहास आठवत, तिच्यासाठी पूर्ण लक्ष राखून पिणे, यातही सत्य आहेच. १९७९ साली पिंप भरणाऱ्या माणसांचे काम बंद पडले, भट्टी गेली आणि मद्य राहिले, हे ठाऊक असताना घेतलेला घोट वेगळा लागणारच. तो वेगळेपणा खोटा कसा म्हणावा? माझी सूचना अशी, की अर्धे नाव न कळता चाखावे आणि अर्धे नाव कळल्यावर.

आडवाट

रानजाईताई, ही अर्ध्या-अर्ध्याची कल्पना फारच आवडली. दोन्हींना न्याय मिळेल. पेठकर, कुपीविषयी खात्री केली आहे. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी मूळ बाटली आमच्यापैकी दोघांच्या समोर उघडली आणि तेथेच कुप्या भरल्या. शेजारी ठेवायला त्याच बेटावरील कूल ईलाची १२ वर्षांची आणली आहे.

तिठा

कूल ईलाची निवड उत्तम आहे, आणि तिला एक इतिहासही आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीचा साठा मागणीच्या मानाने अफाट वाढला होता. पोर्ट एलनची मालकी असलेल्या डीसीएल या कंपनीने १९८३ मध्ये आपल्या अनेक भट्ट्या एकदम बंद केल्या. पोर्ट एलनबरोबर ब्रोरा, डॅलस धू, सेंट मॅग्डलेन, बॅन्फ याही त्यात गेल्या. ब्लेंडसाठी लागणारी धुरकट माल्ट पुरवायला त्यांच्याकडे आयलावरच कूल ईला आणि लागावुलिन होत्या. तेव्हा तुम्ही समोरासमोर ठेवत आहात ती एकाच घरातली, बंद पडलेली आणि चालू राहिलेली, अशी भावंडे आहेत.

आता पाण्याविषयी. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने दाखवले, की व्हिस्कीच्या धुरकट गंधाशी संबंधित असलेला ग्वायकॉल हा रेणू मद्यार्काचे प्रमाण कमी असते तेव्हा द्रवाच्या पृष्ठभागाजवळ अधिक राहतो आणि ते प्रमाण वाढत गेले, की आत ओढला जातो. पाणी घातल्यावर गंध का खुलतो याचे ते एक पटणारे स्पष्टीकरण आहे.

पण जुन्या व्हिस्कीच्या बाबतीत हात फार आखडता घ्यावा. तुमची व्हिस्की पिंपातून काढून पाणी न मिसळता भरलेली, पन्नास टक्क्यांच्या वरची असणार, म्हणून ती थोडे पाणी सहन करेल. मात्र दीर्घकाळ मुरलेल्या मद्यातील टॅनिन जास्त पाण्याने उघडे पडते, पोत पातळ होतो आणि मागे नुसता लाकडी कडवटपणा उरतो. औषधाचा ड्रॉपर घ्यावा, खोलीच्या तापमानाचे साधे पाणी घ्यावे, एका वेळी दोन-तीन थेंब घालावेत आणि दर वेळी दोन-तीन मिनिटे थांबून पुन्हा हुंगावे. घातलेले पाणी परत काढता येत नाही. बर्फाचे नावही नको.

पेला ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता असावा. ग्लेनकेर्न पेला त्यासाठीच घडवलेला आहे. ओतल्यावर वर झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ राहू द्यावे. हुंगताना ओठ किंचित विलग ठेवावेत, म्हणजे मद्यार्काचा झोत नाकात झोंबत नाही. पहिला घोट अगदी लहान, फक्त जीभ ओलावण्यापुरता. तो चवीसाठी नसतोच, तोंडाला सवय व्हावी म्हणून असतो. चव दुसऱ्या घोटात पाहायची.

पेठकर

तिठा, ‘एकाच घरातली भावंडे’ हा तपशील माहीत झाल्यावर माझी उत्सुकता दुप्पट झाली.

कोरांटी

थोडे विषयाच्या कडेला जाऊन विचारते. पुण्यात बसून असे काही चाखण्याची शक्यता किती? परवाना आणि आयात शुल्क यांचा विचार करता आम्ही ही चर्चा वाचूनच समाधान मानावे का?

मांडवीकाठ

कोरांटी, परवान्याची बाब महाराष्ट्रात मद्यपान करणाऱ्या सर्वांनाच लागू आहे, दुर्मिळ बाटलीसाठी त्यात वेगळे काही नाही. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. स्कॉचवरील १५० टक्के आयात शुल्काविषयी सांगायचे, तर भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे ठरले आहे. मात्र पोर्ट एलनसारख्या बाटलीची किंमत शुल्कामुळे नव्हे, संख्येमुळे चढलेली आहे. अशी बाटली एकट्याने घेण्यापेक्षा आडवाट यांच्याप्रमाणे वर्गणी काढून घोटभर चाखणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आडवाट

मंडळी, काल संध्याकाळी तो योग आला. सर्वांच्या सूचना शक्य तितक्या काटेकोरपणे पाळल्या. आमच्या एका मित्राच्या पत्नीने, ज्या स्वतः मद्य घेत नाहीत, दोन्ही पेले आतल्या खोलीत भरून क्रमांक घातले. रंगावरून ओळख पटू नये म्हणून दिवे मंद ठेवले होते, पण नंतर पाहिले तेव्हा त्याची फारशी गरज नव्हती असे दिसले. ३२ वर्षे मुरूनही पोर्ट एलनचा रंग वाळलेल्या गवताइतकाच फिका होता. ओकवेडा यांनी सांगितलेल्या थकलेल्या पिंपांची साक्षच जणू समोर होती.

पहिल्या पेल्यात धूर लगेच भेटला. स्वच्छ, टोकदार, मागोमाग लिंबू आणि थोडी मिरीची झणझण. दुसऱ्या पेल्यात सुरुवातीला धूर जवळजवळ नव्हताच. मेणबत्तीचे मेण, ओला दगड, लिंबाची वाळलेली साल आणि दूरवरून यावा तसा समुद्राचा खारा वास. दहा-बारा मिनिटांनी पेल्याच्या तळातून विझलेल्या राखेचा वास वर येऊ लागला आणि मग तो गेलाच नाही. तोंडात गेल्यावर सर्वांना पहिल्यांदा जाणवला तो पोत, तेलकट आणि जड. त्यानंतर आधी गोडवा, मग मीठ, मग हलकी तुरट कडा, आणि घोट संपल्यावर बराच वेळ राख आणि लिंबाची साल यांची चव पाळीपाळीने येत राहिली. पहिल्या पेल्यात जे घडायचे ते सारे एकदम घडत होते, दुसऱ्यात एकेक गोष्ट आपली वेळ येईपर्यंत थांबत होती.

बहुतेकांनी दुसरा पेला जुन्याचा हे बरोबर सांगितले. एका मित्राने मात्र नावे कळण्यापूर्वी पहिल्या पेल्याला अधिक गुण दिले आणि नावे कळल्यावरही आपले मत बदलले नाही. त्याला तरुण व्हिस्कीतील जोम अधिक भावला. त्याच्या या ठामपणाचा मला आदर वाटतो.

पाण्याचे म्हणाल, तर तीन थेंबांनी राख आणि समुद्र दोन्ही पुढे आले. आणखी तीन थेंब घातल्यावर गोडवा ओसरला आणि तुरटपणा वाढला. माझ्यापुरते पहिल्या तीन थेंबांवर थांबणे योग्य ठरले असते, आणि उरलेला अर्धा भाग मी तसाच घेतला.

रानजाईताई, नाव कळल्यानंतरचा अर्धा भाग वेगळा लागला हे खरे आहे. चव तीच होती, पण मी अधिक सावकाश प्यायलो, आणि सावकाश प्यायल्यामुळे शेवटची चव किती लांबते ते अधिक नीट कळले. दुर्मिळतेने चव बदलली नाही, तिने माझे लक्ष वाढवले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

रानजाई

आडवाट, किती निगुतीने लिहिले आहे. ‘लक्ष वाढवले’ यात माझे म्हणणे पूर्णपणे आले. त्या मित्राला माझा नमस्कार सांगावा.

पेठकर

उत्तम प्रयोग आणि तितकीच उत्तम नोंद. ओळखू येणे आणि अधिक आवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. वय चवीत दिसते, हे मी आता मान्य करतो. किमतीइतके दिसते का, याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या खिशाला विचारून ठरवावे.

दर्यावर्दी

वर्णन वाचून तो धक्का आणि ती गोदामे पुन्हा डोळ्यांसमोर आली. येथे एक भर घालतो. पोर्ट एलन मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. भट्टीत तांब्याच्या भांड्यांच्या दोन जोड्या आहेत. एक जोडी जुन्या भांड्यांबरहुकूम घडवलेली, दुसरी लहान, प्रयोगांसाठी. ब्रोराही २०२१ मध्येच सुरू झाली. मात्र नव्या पोर्ट एलनची ३२ वर्षांची व्हिस्की पाहायची तर २०५६ उजाडावे लागेल, आणि तोपर्यंत १९८३ पूर्वीच्या बाटल्या आणखी विरळ झालेल्या असतील.

कोरांटी

मग आमच्यासारख्यांनी, ज्यांना पोर्ट एलन परवडणार नाही आणि २०५६ पर्यंत थांबायचेही नाही, या अनुभवाच्या जवळ जाण्यासाठी काय चाखावे?

ओकवेडा

कोरांटी, मी असतो तर स्वतंत्र बाटलीबंद करणाऱ्या कंपन्यांची कूल ईला शोधली असती, वीस वर्षांच्या आसपासची, पिंपाच्या मूळ ताकदीची. ती अजून आवाक्याबाहेर गेलेली नाही, विशेषतः चार-पाच जणांनी मिळून घेतली तर. धूर मागे सरकून मेण आणि राख पुढे येण्याचा जो प्रवास आडवाट यांनी टिपला, त्याचा बराचसा भाग तिच्यात सापडतो. घेताना रंग गडद दिसला म्हणून भुलू नका, आकर्षक खोक्याकडेही पाहू नका. लेबलावर ‘रीफिल हॉग्जहेड’ असे लिहिले आहे का, रंग मिसळलेला नाही असे म्हटले आहे का आणि गाळल्याचे व बाटलीबंद केल्याचे अशी दोन्ही वर्षे दिली आहेत का, एवढे आधी पाहावे.